एकमेकांच्या वर्गात बसणारे शिक्षक, एकमेकांना शिकवणारी मुलं

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. अशा शाळेत वाटणी ठरलेली असते. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. दार लोटलं की ज्याचा वर्ग त्याचा. शेजारच्या खोलीत काय चाललंय ते भिंतीपलीकडून ऐकू येईल तेवढंच कळतं. दहा-दहा वर्षं एका शाळेत काढलेले गुरुजी आणि बाई एकमेकांच्या तासाला कधीच बसलेले नसतात.

माझ्या सहकारी बाईंनी आणि मी ही वाटणी मोडली. भाषेच्या तासाला चारही इयत्तांची मुलं एकत्र येतात आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ('प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था आणि मुलांचं वाचन-गणित तपासणारी 'असर' ही पाहणी, दोन्हीकडे हेच टप्पे वापरतात, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांना ते ओळखीचे असतील.) भाषा बाई घेतात, गणित मी घेतो. आणि आठवड्यातून एकदा बाई माझ्या तासाला येऊन मुलांच्यात मांडी घालून बसतात, एकदा मी त्यांच्या तासाला बसतो.

यातून काय हाती लागतं याचं एक उदाहरण देतो. तिसरीचा हातच्याच्या वजाबाकीचा तास होता. फळ्यावर ४०२ वजा १७८. एका मुलीचं उत्तर आलं ३७६. फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला फक्त चुकलेलं उत्तर दिसतं. बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या, त्यांना तिची पेन्सिल दिसत होती. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. ८ मधून २, ७ मधून ०, ४ मधून १. तिच्या हिशेबाने ती नियमानेच चालली होती. तास संपल्यावर बाईंनी मला एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे काढले आणि चौथीच्या एका मुलाला तिच्या समोर बसवलं. त्याने शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे दहा केले, त्यातला एक सोडून सुट्या दहा काड्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "आता दोनात घाल आणि आठ काढ." तिने काढल्या, चार उरल्या. मग पुढची दोन्ही घरं तिने स्वतः केली. २२४.

शिक्षक एकमेकांचा वर्ग बघतात आणि मुलं एकमेकांना शिकवतात, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. ज्या शाळेत शिक्षक एकमेकांना विचारत नाहीत, तिथे मुलांनी गटात बसून विचारावं ही अपेक्षा कशी धरायची? मुलं आपलं वागणं बघूनच शिकतात.

तुमच्याकडे असं काही चालतं का? टिकलं का, की उत्साही शिक्षकाची बदली झाली आणि बंद पडलं? आणि एकशिक्षकी शाळेत काय करता येईल? अनुभव लिहा.

---

रानजाई

सर, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी निवृत्त शिक्षिका.

आपण सगळे डीएडला एकमेकांच्या सराव पाठांना बसायचो. निरीक्षण वही असायची, पाठ संपला की झाडाखाली बसून चर्चा व्हायची. नोकरी लागली आणि हे कायमचं थांबलं. त्यानंतर वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या केंद्राचे प्रमुख) नाहीतर विस्तार अधिकारी, म्हणजे तपासणीला येणारे, आणि ते आले की शेरेबुक आलं. त्यामुळे "मी तुमच्या तासाला बसू का?" असं शेजारच्या बाईंनी विचारलं तरी पोटात गोळा येतो. टाचण (पाठाची लेखी तयारी) पूर्ण आहे का, फळ्यावर तारीख आणि सुविचार आहे का, हेच आधी डोळ्यांसमोर येतं.

ही भीती गेल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. तुमच्या बाईंनी "तुम्ही नीट समजावलं नाही" असं म्हटलं नाही, "ती पोरगी असं करतेय" असं सांगितलं. फरक त्यातच आहे. मुलाबद्दल बोललं की शिक्षक ऐकतो.

---

गोदाकाठ

धागा छान आहे, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. मी माध्यमिकला आहे, नववी-दहावी. एका वर्गात सत्तर मुलं. लांब बाक, एका बाकावर तीन-तीन. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी. गटात काम दिलं की गटातला एक मुलगा करतो, दोघं त्याचं बघून उतरवतात, बाकीचे गप्पा मारतात. प्रकल्पवह्या तर पालक करतात आणि सगळ्यांना ठाऊक असतं.

शिवाय पालकसभेत उघड विचारतात, "माझ्या मुलाने बाकीच्यांना शिकवायचं तर त्याचा अभ्यास कधी होणार?" याला काय उत्तर द्यायचं? आमच्याकडे कुणाच्या तासाला जाऊन बसणंही शक्य नाही. मोकळा तास मिळालाच तर गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जायची, बदली तासाची चिठ्ठी येते.

---

पाटीपेन्सिल

गोदाकाठ सर, सत्तरचा वर्ग मी घेतलेला नाही, म्हणून त्याबद्दल अधिकारवाणीने बोलणार नाही. पालकांच्या प्रश्नाचं मात्र आमच्यापुरतं उत्तर आहे. ज्या चौथीच्या मुलाने गठ्ठे सोडले, त्यालाही "शंभर का सोडायचा, सरळ दहा का नाही घ्यायचे?" हे तिने विचारल्यावर थांबून विचार करावा लागला. दशकाच्या घरात शून्य आहे हे त्याने शब्दांत सांगितलं, ते त्या दिवशीच. तोवर तो रीतीने करत होता. त्याचाही अभ्यासच झाला.

---

नर्मदातीर

इंदूरहून लिहितेय. माझी आई मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आता नर्मदापुरम) एका मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये ते अख्ख्या जिल्ह्यात गेलं. पुढे एकलव्य संस्थेने ते सांभाळलं. वर्गात चार-चार मुलांची टोळी असायची, प्रयोग टोळीने करायचा, निरीक्षणं मांडायची आणि मग सगळ्या वर्गाने मिळून निष्कर्ष काढायचा. चार का? तर प्रत्येकाच्या हाताला काम हवं. एक धरतो, एक मोजतो, एक लिहितो, एक वेळ बघतो, आणि पुढच्या प्रयोगाला अदलाबदल. आठवीची परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून, आणि प्रात्यक्षिक वेगळं.

पण आई सगळ्यात जास्त बोलायची ती मासिक गोष्ठीबद्दल. एका संगम केंद्राभोवतीच्या शाळांचे विज्ञान शिक्षक महिन्यातून एक दिवस एकत्र बसायचे. कुठला प्रयोग जमला नाही, मुलांनी असं काय विचारलं की ज्याचं उत्तर देता आलं नाही, हे सगळं तिथे मांडायचे. उन्हाळी शिबिरात दिल्ली विद्यापीठाचे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक या शिक्षकांच्या शेजारी बसून तेच प्रयोग करायचे. शिक्षकांनी सांगितलेल्या अडचणींवरून धडे बदलले जायचे. म्हणजे खेड्यातल्या शिक्षकाचं म्हणणं पुस्तकात उतरायचं. आईच्या नोकरीत असा मान तिला दुसरीकडे कुठेच मिळाला नाही.

आणि सवालीराम! मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने सवालीरामला विचारायचा आणि उत्तर यायचं. सवालीराम नावाचा कुणी एक माणूस नव्हता, अनेक जण मिळून उत्तरं लिहायचे. पोस्टकार्ड आलं की वर्गात मोठ्याने वाचलं जायचं.

२००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेलं काम होतं ते. त्यामुळे "टिकतं का" या प्रश्नाला माझं उत्तर असं: त्या गोष्ठीला जाणं म्हणजे ड्युटी धरली जायची, शिक्षकाच्या सुट्टीच्या दिवसातून ते काढलेलं नव्हतं. शिक्षकांच्या हौसेवर सोडलेलं काम हौस असेतोवर चालतं. ते वेळापत्रकात बसवावं लागतं.

---

साधामाणूस

नर्मदातीर, सुरेख प्रतिसाद. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी करणारे अरविंद गुप्ताही ७८च्या सुमारास तिथेच होते. त्या खेळण्यांची सुरुवात त्याच दिवसांतली.

मी शिक्षक नाही, पालक आहे आणि इतिहास वाचायची आवड आहे. एक धोका नोंदवून ठेवतो. मुलांनी मुलांना शिकवणं ही आपल्याकडची जुनीच रीत. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं धाकट्यांची धूळपाटी बघायची. १७९०च्या दशकात अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथाश्रमात ही रीत वापरली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. तिकडे जोसेफ लँकेस्टरने त्याच सुमारास एक मास्तर आणि शेकडो पोरं अशी शाळा उभी केली. सगळा भार मॉनिटरांवर, म्हणजे शिकवायला नेमलेल्या मोठ्या मुलांवर. ही पद्धत जगभर पसरली ती स्वस्त होती म्हणून. मॉनिटर पाठ केलेलं पाठ करून घ्यायचा, शंका विचारायला जागाच नव्हती.

तेव्हा चौथीचा मुलगा तिसरीच्या मुलीला शिकवतो याचा मला आनंद आहे, पण उद्या कुणी म्हणू नये की "मुलंच शिकवतात तर दुसरा शिक्षक कशाला?" शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. तो आकडा आपण पालकांनी धरून ठेवला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात ते केवळ सहीला नसतात.

---

रानजाई

+१. अगदी मनातलं बोललात.

---

अबोली_

जपानमधून, योकोहामाजवळून. मुलगा सरकारी प्राथमिक शाळेत चौथीत आहे. इथे शिक्षकांनी एकमेकांचे तास बघणं ही शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. जुग्यो केन्क्यू म्हणतात. पालक म्हणून मला दिसतं ते सांगते.

शाळेतून चिठ्ठी येते की अमुक दिवशी एक वर्ग सोडून बाकी सगळ्यांना जेवणानंतर घरी सोडणार. त्या एका वर्गाचा एकच तास होतो आणि शाळेतले सगळे शिक्षक भिंतीला टेकून उभे राहून तो बघतात. हातात वर्गाचा बैठक-नकाशा असतो. कुठल्या मुलाने काय लिहिलं, कुठे खोडलं, कुणाला विचारलं, हे त्या नकाशावर टिपतात. त्या तासाचा आराखडा एकट्या शिक्षिकेचा नसतो, तिच्या गटातल्या सगळ्यांनी मिळून आधी कितीतरी बैठकांत केलेला असतो. त्यामुळे नंतर चर्चेत "तुमचा पाठ" असं कुणी म्हणत नाही. रानजाई ताईंनी लिहिलेली भीती इथे अशी कमी केली आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तास संपेपर्यंत फळा पुसत नाहीत. डावीकडे प्रश्न, मधे तीन-चार मुलांच्या वेगवेगळ्या रीती, प्रत्येकीखाली त्या मुलाच्या नावाची चुंबकपट्टी, उजवीकडे सगळ्यांनी मिळून काढलेलं. पाटीपेन्सिल सरांच्या वर्गातलं ३७६ इथे फळ्यावर सन्मानाने आलं असतं आणि "हिने असा विचार का केला असेल?" असा प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला असता.

बाकी जेवण वाढणं, वर्ग झाडणं-पुसणं हे मुलांच्या पाळ्या लावून चालतं, ते सगळ्यांना माहीत असेलच.

---

गोदाकाठ

अबोली ताई, फळा न पुसण्याचं उद्याच करून बघतो. त्याला परवानगी लागत नाही आणि वेळही लागत नाही.

पण सत्तर मुलांचं गटकाम अजून सुटलेलं नाही.

---

सातमाळा

गोदाकाठ सर, मी शिक्षक-प्रशिक्षणात काम करते. तुमच्या "एक करतो, बाकीचे उतरवतात" या अडचणीवर एक रीत आहे. जिगसॉ म्हणतात तिला. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गात रोज भांडणं होत होती. एलियट अॅरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तेव्हा ती आखली.

महाराष्ट्राची प्राकृतिक रचना शिकवायची आहे असं धरा. पाच तुकडे करा: कोकण, सह्याद्री, पठार, सातपुडा, नद्या. सत्तर मुलांचे पाच-पाचांचे चौदा गट. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, आणि तो फक्त त्याच्याकडेच. आधी सगळे कोकणवाले एकत्र बसून आपला तुकडा पक्का करतात, सह्याद्रीवाले आपला. एका तुकड्याला चौदा मुलं होतात, म्हणून त्यांचेही दोन भाग करा. मग प्रत्येक जण आपल्या मूळ गटात परत जाऊन बाकीच्या चौघांना शिकवतो. शेवटी चाचणी प्रत्येकाची स्वतंत्र, पाचही तुकड्यांवर. कोकणवाल्याने नीट सांगितलं नाही तर चौघांचं कोकण कच्चं राहतं, म्हणून चौघं त्याला धरून बसतात. मागच्या बाकावर वर्षभर गप्प असलेल्या मुलाकडे वर्गाला ऐकावं लागतं, कारण त्याच्याकडचं दुसऱ्या कुणाकडे नाही.

जागेचं म्हणाल तर पुढच्या बाकाने मागे तोंड केलं की सहा जणांचा गट झाला, मग बारा गटांत वर्ग बसतो आणि एखादा तुकडा दोघांना मिळून द्यायचा. आवाज होतो, तो होऊ द्यायचा. दोन तास सलग घ्या. आणि पहिल्या वेळी सोपा धडा निवडा, कारण तेव्हा मुलं रीत शिकत असतात.

---

पळसपान

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात. मूळचा मराठवाड्यातला. माझ्या वर्गातली मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी काही नातं नाही, त्यामुळे अंदाजाने अर्थ लावताच येत नाही. पहिलीच्या मुलाला माझं कळत नाही आणि मला त्याचं.

इथे सहकार्य ही सोय नाही, त्याशिवाय तासच होत नाही. चौथी-पाचवीच्या मुली माझ्या गुरू. आम्ही व्हरांड्याच्या भिंतीवर चित्रं काढली: मोह, नांगर, कोंबडी, ओढा, चूल. प्रत्येक चित्राखाली कोरकू शब्द त्या मुलींनी सांगितला, मी देवनागरीत लिहिला, त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला, मग खाली मराठी शब्द. उच्चारावरून पोरींचे आपसात वाद होतात, एका गावचं आणि दुसऱ्या गावचं वेगळं असतं, तेव्हा दोन्ही लिहितो. एकदा एकीची आजी शाळेत आली आणि तिने तीन शब्द बदलायला लावले. त्या दिवसापासून गावातली म्हातारी माणसं परिपाठाला येऊन बसतात.

गुरुजी चुकतात, आपण त्यांना सांगू शकतो, हे पहिलीच्या पोराने बघितलं की ते स्वतः चुकायला घाबरत नाही. वाचनात त्याचा मला फार उपयोग झाला.

---

साधामाणूस

पळसपान सर, हे वाचून फार बरं वाटलं. भिंतीचे फोटो असतील तर टाका, मुलांचे चेहरे न दाखवता.

---

रानजाई

भिंतीवरून एक बोलावंसं वाटतं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात या पद्धतीसाठी, राज्यभर गाजलं, २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा तर गाड्या भरभरून शिक्षक तिथे जात होते. मी पण गेले होते. परत येऊन ठिकठिकाणी लोकांनी काय केलं? वर्गाच्या फरशा रंगवल्या. तक्ते, गोल, चौकटी, सगळं हुबेहूब. पण तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत शिक्षक सतत एकत्र बसून एकेका मुलाबद्दल बोलत होते, ते फरशीवर दिसत नाही. त्यामुळे ते आलं नाही. बऱ्याच शाळांत रंग उडाला आणि विषय संपला.

आणि हो, शाळांनी मिळून काम करावं ही कल्पना नवीन नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा संकुल सुचवलं होतं. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक यांची देवाणघेवाण करायची. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांनी उभं केलेलं. २०२० च्या धोरणात शाळा संकुल पुन्हा आलंय. एकशिक्षकी शाळेला याची सर्वांत जास्त गरज आहे.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

रानजाई ताई, एकशिक्षकी शाळेसाठी आमच्या केंद्रात एक गोष्ट सुरू झाली आहे. ओढ्यापलीकडच्या वाडीवरची शाळा एकशिक्षकी आहे. शनिवारी त्यांची मुलं आमच्याकडे येतात, पाऊस जास्त असला तर नाही. तीन शिक्षक होतात, त्यामुळे एक जण नुसता बसून बघू शकतो. त्या सरांनी पहिल्याच शनिवारी सांगितलं की दुसरा मोठा माणूस वर्गात असणं हेच त्यांना कितीतरी वर्षांनी मिळालं.

नर्मदातीर ताईंचा मुद्दा मी मनावर घेतला आहे. आमच्याकडे दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच, ती ड्युटीतच असते. पण बराच वेळ परिपत्रकं, ऑनलाइन माहिती आणि कुठला तक्ता कधी भरायचा यात जातो. केंद्रप्रमुखांशी बोललो. ते स्वतः हाडाचे शिक्षक आहेत. पुढच्या परिषदेत पहिला तास आमच्या शाळेत मुलांसमोर प्रत्यक्ष पाठ, आणि त्यानंतरची चर्चा फक्त मुलांच्या वह्यांवर, असं त्यांनी मान्य केलंय. परिपत्रकं जेवणानंतर. पाठ वजाबाकीचाच घेणार आहोत, आणि आराखडा वाडीवरचे सर, बाई आणि मी तिघं मिळून करतोय. अबोली ताई, बैठक-नकाशाची कल्पना उचलली. बघणाऱ्या प्रत्येकाला चार मुलं वाटून देणार, म्हणजे सगळे एकाच हुशार पोराकडे बघणार नाहीत.

गोदाकाठ सर, जिगसॉ करून बघितलंत तर इथेच लिहा, विशेषतः पहिल्या दहा मिनिटांत काय झालं ते. सातमाळा ताई, चौथीसाठी तुकडे किती मोठे ठेवावेत? माझ्या मते चार-पाच ओळींपेक्षा जास्त नको, पण परिच्छेद वाचणाऱ्या आणि अजून शब्दांवर असणाऱ्या मुलाला एकाच गटात कसं बसवायचं हे मला सुचत नाहीये.

---

सातमाळा

चार ओळी पुरेत. शब्दांवर असलेल्या मुलाला चित्राचा किंवा नकाशाचा तुकडा द्या. नकाशा त्याच्याकडेच असला की वाचणाऱ्यांनाही त्याच्याकडे यावं लागतं. माझ्याकडे चौथीच्या परिसर अभ्यासाचे असे केलेले तीन-चार धडे आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते. तुमच्या परिषदेच्या आधी मिळतील असं बघते.